उचकीवाले सोनटक्के काका

माझ्या चिनूला उचकी लागल्याचं मला सोनटक्के काकांकडून कळतं. शेजारचं घर त्यांचं, मधली भिंत जेमतेम. पहिल्या उचकीला बेल वाजते आणि दुसरीला काका आत येऊन चप्पल काढत असतात. पाच महिन्यांचं बाळ, संपलेली रजा आणि अर्धवट झोप अंगावर घेऊन मी दार उघडते. न उघडून करणार काय?

काका बरखेड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते मशीनचे भाग तपासून पास-नापास करायचे. आता आमच्या नेहरू नगरात उचक्या तपासतात. उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय आणि बरोबर नाव घेतलं की ती थांबते, एवढं आपल्याकडे सगळेच म्हणतात. काका ते शिस्तीने राबवतात. चिनूसमोर खुर्ची ओढून ते विचारतात, "नागपूरची आजी?" उचकी. "रिजेक्ट. अमरावतीची मावशी?" उचकी. "रिजेक्ट." आमचे नातेवाईक त्यांना माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

डॉक्टरांनी मला सांगितलंय, बाळाला उभं धरा, पाठीवरून हात फिरवा, पाणीबिणी पाजू नका, उचकी आपली आपण जाते. मी तेच करते. म्हणजे खांदा माझा दुखतो आणि श्रेय कुठल्यातरी मावशीला मिळतं. मी वाद घालत नाही. त्याला अंगात त्राण लागतं.

एकदा उचकी माझ्या सासूबाईंच्या नावावर थांबली. नेमका तेव्हाच माझ्या आईचा नागपूरहून फोन आला आणि काकांनी तिला निकाल जसाच्या तसा कळवला. आई फुगून बसली. तिची समजूत काढता काढता माझा जीव गेला. काकांना त्याचं काही नाही. "टेस्टिंगमध्ये कोणाचा लिहाज नाही चालत, बेटा," म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या घरी आता कोणी नाही. काकू गेल्या, मुलगा बेंगळुरूला. त्यांचा फोन वाजलेला मी कधी ऐकला नाही, आणि आमची भिंत तर बाळाची उचकीसुद्धा लपवत नाही.

परवा बिट्टन मार्केटातून आणलेली मेथी द्यायला चिनूला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेले, तर काकाच उचक्या देत बसलेले. चांगल्या मोठ्या, खुर्ची हलवणाऱ्या. मी पाण्याचा पेला आणला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग मी त्यांच्याच पद्धतीने नावं घ्यायला लागले. मुलाचं नाव अर्ध्यावर आलं तोच त्यांनी मला थांबवलं.

"नाव नको घेऊ, बेटा. थांबेल ना ती. कोणीतरी आठवण काढतंय, काढू दे."

 मी पेला खाली ठेवला आणि चिनूला त्यांच्या मांडीवर दिलं. पुढची उचकी यायला जरा वेळ लागला. तोपर्यंत आम्ही दोघंही तिची वाट पाहत होतो.