एक अल्बम, दोन खोल्या

झुळूकचा नवा अल्बम घरात मोठ्याने लावायला आईने परवानगी दिली, तेव्हा भिंगरीने आधी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता. अट होती. भिंगरीच्या लाडक्या गायिकेचा, म्हणजे झुळूकचा, कार्यक्रम उद्या, रविवारी शहरात होता. मावशीकडे एक तिकीट जास्तीचं होतं आणि भिंगरीने आठवडाभर अशी काही भुणभुण लावली होती की शेवटी बाबांनीच तोडगा काढला. आज काम करता करता आईबाबा दोघांनी अल्बम ऐकायचा. दोघांना आवडला तर भिंगरी कार्यक्रमाला जाणार. दोघांपैकी एकाला जरी नाही आवडला तर ती रविवारी कपाट आवरणार. या घरात कुठलीही गोष्ट दोघांच्या 'हो'शिवाय होत नसे. मांजर पाळायचा विषय आईच्या 'हो' आणि बाबांच्या 'नाही'मध्ये इतकी वर्षं अडकला होता, की आणलं असतं तर ते मांजर एव्हाना म्हातारं झालं असतं. आणि मावशीला उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. त्यानंतर तिकीट तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं.

घरही या नियमासारखंच दोन भागांत होतं. पुढच्या खोलीत आईचं पार्लर. मागच्या खोलीत बाबांचा कारखाना, म्हणजे जुने सोफे उसवायचे, कापूस पिंजून पुन्हा भरायचे, नवी कव्हरं चढवायची. दोन्हींच्या मध्ये एक दार होतं आणि ते कायम बंद असे, कारण बाबांकडचा कापूस आणि आईकडची ओली डोकी यांची गाठ पडू द्यायची नाही, हे दोघांनी लग्नानंतर एकमताने ठरवलेलं बहुधा एकमेव काम होतं. पुढून मागे जायचं तर बाहेरच्या बोळातून वळसा घालून जायचं.

गाण्यांची सोय मात्र दोन्हीकडे होती. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा मामा, इलेक्ट्रिशियन होता. म्युझिक सिस्टिम एकच, तिचे स्पीकर दोन. मामाने एक पार्लरमध्ये टांगला, दुसऱ्याची वायर भिंतीतून नेऊन कारखान्यात टांगला. "एका खर्चात दोन खोल्या," असं आई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. बाबांची जुनी गाणी आणि रेडिओ त्यावर इतकी वर्षं झकास वाजत होते. झुळूक त्यावर आज पहिल्यांदा वाजणार होती.

आणि ही झुळूक काही पहिल्यासारखी राहिली नव्हती. आधीचे तिचे दोन्ही अल्बम म्हणजे नुसता नाच. हा तिसरा आला आणि भिंगरीच्या वर्गाचे उभे दोन तुकडे झाले. खिडकीकडच्या रांगा म्हणाल्या, वाया गेली, मोठी झाली, हिला आता नाचवत नाही. भिंतीकडच्या रांगा म्हणाल्या, आत्ता कुठे ती खरी गायला लागली. भिंगरी खिडकीशी बसून भिंतीकडच्यांच्या बाजूने भांडत होती, म्हणजे चारी बाजूंनी एकटी. तिचं म्हणणं एवढंच होतं की हा अल्बम कानात इअरफोन घालून ऐका. झुळूक सगळा वेळ डाव्या कानात गाते, वाद्यं सगळा वेळ उजव्या कानात वाजतात आणि आपण मधोमध बसलेलो असतो, जणू दोन मैत्रिणी आपल्या डोक्यावरून एकमेकींशी बोलतायत. असं कुणी केलंय का आजपर्यंत? हा प्रश्न तिने गणिताच्या सरांनाही विचारला होता.

शनिवारी दुपारी आई संगीताच्या बाईंच्या डोक्याला डाय लावत होती. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मत देण्यातून अजून नाही. मागे बाबांकडे ड्रमकाका बसले होते. ते लग्नाच्या पार्ट्यांमध्ये ड्रम वाजवायचे आणि बसून बसून त्यांच्या स्टुलाची गादी चपटी झाली होती. भिंगरीने अल्बम लावला, आवाज बेताचा ठेवला आणि आईसमोर हनुवटीवर हात ठेवून बसली.

"तू बाहेर हो," आई म्हणाली. "अशी डोळे फाडून बघत बसलीस तर मला खरं बोलवणार नाही. अल्बम संपला की ये."

म्हणून भिंगरी बोळातल्या पायरीवर बसली. तिला काय, तिने इअरफोन घातले आणि तोच अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला. पार्लरच्या काचेतून तिला आईची पाठ दिसत होती. दुसऱ्या गाण्याला आईची टाच हलायला लागली. तिसऱ्याला डायचा ब्रश तालात फिरायला लागला. भिंगरीने मनातल्या मनात उद्या घालायचे कपडे ठरवले, केस कसे बांधायचे ते ठरवलं आणि शेवटच्या गाण्याला तर बोळातल्या बोळात दोन गिरक्याही घेतल्या.

अल्बम संपताच ती आत घुसली. "मग?"

आईने ब्रश वाटीत ठेवला. "वाजवतात छान गं. पण तिचं काय? ती आलीच नाही का कामावर?"

"कोण?"

"तुझी झुळूक. इतकी गाणी झाली, बाई तोंड उघडेल तर शपथ. गायिका गाणारच नसेल तर तिला बघायला उद्या एवढ्या लांब कशाला जायचं? माझं नाही."

भिंगरीला आधी वाटलं, आई टोमणा मारतेय. पण आरशातून संगीताच्या बाई मान डोलवत होत्या, तीही बेताने, डाय ओघळू नये म्हणून. ती गात नाही हे त्यांनाही मान्य होतं, पण मत आईच्या उलट होतं. त्यांच्या मते हे फार धाडसाचं पाऊल होतं. एवढी नावाजलेली गायिका, आणि तिने आपल्याच अल्बममधून स्वतःला काढून टाकलं. केवढा त्याग. आपण शाळेत मुलींना हेच शिकवायचो, असं त्या म्हणाल्या, पण मुली गायच्या थांबायच्याच नाहीत.

भिंगरी वळसा घालून कारखान्यात पळाली. तिथे बाबांच्या हातात उसवलेली गादी तशीच राहिली होती आणि डोळे चक्क पाणावले होते.

"काय गाते गं पोरगी," बाबा म्हणाले. "ना पेटी, ना तबला, ना कसला ढणढणाट. नुसता गळा. माझं हो आहे, शंभरदा हो."

"वाद्यं नाहीत?"

"एकसुद्धा नाही. याला म्हणतात गाणं."

ड्रमकाका मात्र स्टूल पोटाशी धरून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. एवढ्या मोठ्या गायिकेने ड्रम काढून टाकला म्हणजे उद्या सगळेच काढणार, असं ते पडेल आवाजात म्हणाले, आणि आपण ही गादी नवी करून घ्यावी की तशीच राहू द्यावी, हे त्यांनी बाबांना विचारलं.

भिंगरीची आता खरोखरच भिंगरी झाली. ती बोळातून पुढे गेली आणि सांगितलं की बाबा म्हणतात वाद्यंच नाहीत. आई म्हणाली, तुझ्या बाबांच्या कानात कापूस गेलाय. ती बोळातून मागे आली आणि सांगितलं की आई म्हणते गाणंच नाही. बाबा म्हणाले, पार्लरमध्ये चार बायका बोलत असताना आईला गाणं ऐकू यायचं म्हणजे झुळूकने घरी येऊन गायला हवं. भिंगरी हेही पुढे पोहोचवणार होती, पण त्याची गरज पडली नाही. बाबांनी ते बंद दाराशी उभं राहून, दारापलीकडे नीट पोहोचेल अशा बेताने म्हटलं होतं.

"अहो, मी ऐकलंय," आई दारापलीकडून म्हणाली. "आणि बाईंनीही ऐकलंय. त्या संगीत शिकवायच्या."

"इथेपण संगीतातलेच बसलेत. तीस वर्षं ड्रम वाजवतात."

"मग त्यांना ड्रम ऐकू येत नाहीत? अख्ख्या अल्बममध्ये दुसरं आहे काय?"

दाराच्या मागच्या बाजूला ड्रमकाका उठून उभे राहिले. कुठे आहे ड्रम, असं त्यांनी इतक्या आशेने विचारलं की भिंगरीला त्यांची दया आली. पुढच्या बाजूला संगीताच्या बाई डोक्याचा डाय सांभाळत खुर्चीतून उतरल्या. ज्यांना त्याग कळत नाही त्यांनी गाद्या भराव्यात, असं त्या दाराला म्हणाल्या. बाबा म्हणाले, तेच करतोय.

घड्याळाकडे बघून भिंगरी वळसा घालून पार्लरमध्ये धावली. मावशीचा फोन कधीही आला असता आणि इथे तर अल्बम आवडला की नाही ही गोष्ट बाजूलाच राहिली होती, अल्बम कुठला यावरच भांडण लागलं होतं. तिने पुन्हा पहिलं गाणं लावलं आणि आवाज मोठा केला. "आता ऐका सगळे. नीट."

"ऐकू येतंय," आई म्हणाली. "ड्रम."

"ऐकू येतंय," बाबा पलीकडून म्हणाले. "गळा."

आईचा संयम तिथे संपला. हे तिकडे बसून नक्की काय ऐकतायत ते बघतेच, असं म्हणून तिने ते दार उघडलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

मागून झुळूकचा आवाज आला, पुढून वाद्यं गेली आणि दोघं उंबऱ्यावर भेटली.

ड्रमकाकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. संगीताच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. भिंगरी उंबऱ्यात मधोमध उभी होती. डाव्या कानात ती, उजव्या कानात वाद्यं, आणि या वेळी इअरफोनशिवाय. तिने वर भिंतीवरच्या एका स्पीकरकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात सगळं आलं. बाबांची जुनी गाणी दोन्ही स्पीकरमधून एकसारखीच वाजायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता. मामाने घराच्या दोन खोल्यांना दोन कान वाटून दिले होते.

"आई," ती म्हणाली, "अर्धा अल्बम तू ऐकलास आणि अर्धा बाबांनी."

आई उत्तर देणार होती. पण बाबांकडचा मोठा पंखा चालू होता आणि त्याच्यासमोर नुकताच पिंजलेला कापसाचा ढीग होता. दार उघडल्यावर तोही पार्लर बघायला निघाला. तो घाईने आला नाही. अगदी त्या गाण्याच्या लयीत तरंगत तरंगत आला आणि संगीताच्या बाईंच्या ताज्या डायवर एकेक पुंजका करत बसत गेला. बाईंचे डोळे मिटलेले होते. गाणं संपेपर्यंत त्यांना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. संपलं तेव्हा त्यांचं काळं व्हायला आलेलं डोकं म्हाताऱ्या मेंढीसारखं दिसत होतं.

"मधुर आहे," बाई डोळे उघडत म्हणाल्या, आणि मग त्यांना समोरचा आरसा दिसला.

पुढचा अर्धा तास केस धुण्यात, झाडण्यात आणि माफी मागण्यात गेला. बाबांनी त्यातही वेळ काढून मामाला फोन केला. "एका खर्चात दोन खोल्या," ते आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि एका गाण्यात अर्धं गाणं. ये रे बाबा, बघून जा काय कलाकारी केलीस ती."

आई आणखी जोरात झाडायला लागली. भाऊ तिचा होता. पण निकाल बदलायलाही ती तयार नव्हती. सगळं नीट जोडून पूर्ण ऐकल्याशिवाय हो नाही आणि नाहीही नाही, असं तिने जाहीर केलं.

मामा पक्कड घेऊन आला. त्याने वायरी बघितल्या आणि ज्याने हे केलं त्याला कामातलं कळत नव्हतं असं म्हणाला. मग ते आपणच केल्याचं आठवून घाईने बोळातल्या शिडीवर चढला. थोड्या वेळाने दोन्ही खोल्यांत दोन्ही बाजू येऊ लागल्या. दार पुन्हा बंद झालं. बाई धुतलेल्या डोक्याने बसल्या, ड्रमकाका मांडीवर बोटं वाजवू लागले. भिंगरी पायरीवर गेली नाही. या वेळी तिने सरळ आईचा चेहरा बघायचं ठरवलं.

आईची टाच हलली. मग झुळूक गायला लागली आणि टाच थांबली.

"मघाशी किती छान वाजत होतं," आई कपाळाला आठ्या घालून म्हणाली. "आता ही मध्येमध्ये काय बोलते गं? ताल लागतो न लागतो तोच आली आपली."

भिंगरी बोळातून मागे धावली. तिथे बाबा गादी शिवत होते, कोरड्या डोळ्यांनी.

"काय गात होती मघाशी," ते म्हणाले. "आता तिच्या मागे कोण भांडी आपटतंय? नाही बुवा. मजा गेली."

तेवढ्यात पार्लरमधला फोन वाजला. मावशीच असणार. भिंगरीने बोळाच्या मध्यावर उभं राहून एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं, आणि शिडीवरून उतरत असलेल्या मामाला गाठलं.

"मामा, परत तोड."

"काय तोड?"

"जोडलंस ते. जसं होतं तसं कर. पटकन."

"अगं आत्ताच तर केलं. आता बरोबर आहे ते."

"बरोबर आहे म्हणूनच तर," भिंगरी म्हणाली.

मामाने वर वायरींकडे पाहिलं. मग, दोन खोल्यांना दोन कान वाटण्याचं आपलं काम एवढं काही वाईट नव्हतं, असं त्याच्या मनाने घेतलं असावं. तो खुशीत पुन्हा शिडीवर चढला.

भिंगरी आत आली तेव्हा आई फोनवर हात ठेवून उभी होती. पार्लरमध्ये वाद्यं एकटीच वाजत होती आणि आईची टाच हलत होती.

"आता कसं," आई म्हणाली. "आणि ती गाते हेही कळलं. मागच्या खोलीत गाते ना? गाऊ दे तिथे. वाजवतात मात्र झकास. मी म्हणते, जा."

दारापलीकडून बाबांचा आवाज आला. तो जरा भरून आला होता. "माझं हो मघाशीच झालंय. आता ते दार उघडू नका कुणी."

भिंगरीने फोन कानाला लावला. मावशीला खरंच वाटेना. त्या दोघांनी एकाच गोष्टीला हो म्हटलं, तेही नव्या जमान्याच्या गाण्यांना? त्यांना नक्की आवडलं तरी काय, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"अख्खा अल्बम आवडला गं मावशी," भिंगरी म्हणाली. "दोघांना मिळून."