दोन सायकली, एक जू

“ए पोरीहो, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय? एकामांगं एक चालता नाही येत?”

“बापाचा नाही काका, सरकारचा हाय. सायकल बी सरकारचीच हाय!”

हे बोलली माही बहीण बबिता, दिग्रस रोडवर, गाडीतून मुंडकं काढलेल्या रवीकाकाले. काकाचं चुकलं नाही. रस्ता गाडीवाल्याचाच असते. बाकीच्याइले तिथं फक्त परवानगी असते (तेही मांगं गाडी नसन तवा).

काकानं घरी येऊन बाले सांगतलं. बा म्हणे, “पोरीची अजून एक तक्रार आली का सायकल बंद, शाळा बी बंद.” शाळा आठ किलोमीटर हाय. एसटी येते, पण शाळा सुरू झाल्यावर. अन् शाळा बंद झाल्यावर काय होते ते मले पाहून घ्या. मी नववीतच बंद केली.

आता ह्या दोघी जोडीनं काहून चालते? तिच्या मैत्रिणीच्या, ममताच्या, सायकलले ब्रेक नाही. बबिता तिचं कॅरिअर धरते, तोच ब्रेक. बबिताच्या सायकलले घंटी नाही, ते ममता वाजवते. दोन मिळून एक सायकल पूर्ण होते. काकाले समजावलं, तर म्हणे, “नियम म्हंजे नियम.” (तवा काकाची गाडी उलट्या बाजूनं, वळणावर उभी होती. टपरीवरून तंबाखूचा खर्रा घ्याचा होता.)

मंग मी तीन दिवस पुलावर बसून सर्वे केला. पोरीइले हॉर्न: एक्केचाळीस. बैलबंडीले हॉर्न: शून्य. बैल बी जोडीनंच चालते, रस्ता बी सारा घेते, पण त्याइले कोणी बाप नाही विचारत. म्हंजे चूक जोडीनं चालाची नव्हती. जू नव्हतं, हे चूक होती.

सोमवारी दोन्ही हँडलवर आडवा बांबू ढिल्ला बांधला, दोन घुंगरमाळा लटकवल्या. हॉर्न: शून्य. रवीकाकानं तर चाकं मातीत उतरवले अन् सवयीनं म्हणे, “हो, हो, सावकाश!” मंग तोंड पाह्यलं, पण तवर पोरी पुढं गेलत्या.

संध्याकाळी काका पुन्हा घरी हजर. बाले म्हणे, “धावजी, तुह्या पोरीनं बैलाचा अपमान केला!”

बानं लय विचार केला. म्हणे, “मी पोरीची तक्रार म्हणलं होतं. हे तं बैलाची हाय.”

शाळा सुरू हाय.

हासले तुम्ही? बरं हाय. पण शाळा सुटाची वेळ झाली, अन् तुम्ही बी त्याच रोडनं गाडी घेऊन निघाले म्हणता. मंग मले हॉर्न मोजाले तुमच्या अगुदर पुलावर पोचा लागते. निघतो.