डेल्बर्ट हॉफर इंडिकेटर देतो

डेल्बर्ट हॉफरच्या चौतीस वर्षांच्या पिकअप ट्रकला स्टिअरिंगखाली तीन दांडे असावेत, असे मानायला कागदोपत्री आधार होता. प्रत्यक्षात डावीकडचा इंडिकेटरचा दांडा अकरा वर्षांपूर्वी त्याच्या शिकारीच्या कोटाच्या बाहीत अडकून मोडला. उरलेल्या खुंटाला डेल्बर्टने एक पक्कड चावायला लावली, ती अजून चावून बसली होती. स्टिअरिंग वरखाली करायच्या दांड्याच्या जागी सळईचा तुकडा होता आणि गिअरचा दांडा बागेतली नळी आवळायच्या पट्टीने जागेवर धरून ठेवलेला होता. गाडी चालत होती. कुणाचे काही अडत नव्हते.

अडले ते टॅबलेटमुळे. हार्लो काउंटीत गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी वेंडेल प्रुइटच्या गॅरेजात होते. वेंडेल हा डेल्बर्टचा शाळेपासूनचा दोस्त. आजवर तो खिडकीत वाकून विचारायचा, "चालतेय ना?" डेल्बर्ट म्हणायचा, "चालतेय की." झाली तपासणी, लागला काचेवर स्टिकर. यंदा मात्र वरून हुकूम आला की तपासणी टॅबलेटने करावी आणि प्रत्येक दांड्याचा फोटो काढावा. वेंडेलने फोटो काढला. टॅबलेटने थोडा विचार केला आणि निकाल दिला: सदर वस्तू दांडा नसून अवजार आहे. वाहन नापास.

"अरे, अकरा वर्षं तूच पास केलीस ना?" डेल्बर्ट भडकला.

"मी केली रे. पण याला तुझी ओळख नाही ना," वेंडेल म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत तिन्ही दांडे नवे बसव लेका, नाहीतर ट्रक अंगणात."

ट्रक अंगणात, एवढ्यावर भागले असते तर डेल्बर्टने दांड्यांना भीक घातली नसती. पण त्याची मुलगी रोंडा शहरात राहत होती आणि तिने आईवडिलांसाठी एक वृद्धाश्रम हेरून ठेवला होता. बापलेकीचा करार झाला होता: ट्रक पास होतोय तोवर ती तोंड उघडणार नाही. नापास झाला की चाव्या तिच्या हाती आणि म्हातारा-म्हातारी शहरात.

"तिथे पोहायचा तलाव आहे म्हणे," बायको अर्लीन म्हणाली.

"पोहायचंय कुणाला?"

"मला नाही बाई," ती म्हणाली, आणि डोळे पुसत भांडी घासायला लागली.

दांडे टपालाने आले. सोबतच्या कागदावर लिहिले होते की हे काम केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे. डेल्बर्टने पक्कड धरून खुंट सरळ ओढला. खट्ट! अकरा वर्षांची अडचण चार सेकंदांत हातात आली. नवा दांडा दाबून बसवला, सळई काढून दुसरा पिळून घट्ट केला, गिअरची खीळ हातोडीने ठोकून काढली, नवा दांडा घालून परत ठोकली. सगळे काम चाळीस मिनिटांचे, त्यातली वीस कॉफीची. मग त्याने इंडिकेटर लावून पाहिला. टिक टिक टिक. आपला ट्रक असा आवाज करतो हेच तो विसरला होता. म्हाताऱ्याला खरोखर भरून आले.

टॅबलेटने अभिनंदन केले: तिन्ही दांडे आढळले.

"आणि ब्रेक?" डेल्बर्टने विचारले.

"ब्रेकचा फोटो येत नाही," वेंडेल स्टिकर चिकटवत म्हणाला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नवा दांडा आलाय तर वापरावा, अशी अवदसा डेल्बर्टला आठवली. रविवारी चर्चला जाताना जुन्या कोठाराशी डावीकडे वळायचे, तिथे त्याने रीतसर इंडिकेटर दिला. मागून तीस वर्षे त्याच्याच मागे चर्चला येणारा शेजारी लाइल होता. त्याने करकचून ब्रेक मारला आणि फोन लावला.

"डेल, कुठे निघालास?"

"चर्चला."

"मग दिवा कशाला?"

"डावीकडे वळतोय म्हणून."

"ते मला ठाऊक आहे की! मग सांगतोस कुणाला?"

सोमवारी गावातल्या चौकात डेल्बर्टने पुन्हा इंडिकेटर दिला. या चौकात स्टिअरिंगवरून एक बोट उचलले की 'जा बाबा तू' किंवा 'मी निघालो', यापैकी सोयीचा अर्थ होतो, आणि त्यावर गावाचे उत्तम चालले होते. लुकलुकता दिवा पाहून चारी बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. हा म्हातारा काय सुचवतोय, याचा कुणालाच पत्ता लागेना. शेवटी टॅनर नावाचा तरुण पोलीस उतरून आला. "हॉफरकाका, बरं वाटतंय ना? आज वार कोणता, सांगता का?"

बुधवारपर्यंत रोंडाला सात फोन गेले.

"बाबा," तिने अगदी हळू आवाजात विचारले, "तुम्ही वळण्याआधी दिवा लावता म्हणे?"

"हो."

"केव्हापासून होतंय असं?"

"अगं, नियम आहे तो!"

"बाबा, अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही त्याच रस्त्याने जाताय. नियम कोण पाळतं? ज्याला रस्ता आठवत नाही तो. मी शनिवारी येतेय. चाव्या काढून ठेवा."

अर्लीनने शुक्रवारी रोंडासाठी एक पाई भाजली आणि बशा बांधायला जुनी वर्तमानपत्रे काढली. ती वर्तमानपत्रे पाहून डेल्बर्ट उठला आणि ट्रककडे गेला. नवा दांडा त्याने सरळ ओढून काढला, फडक्यात गुंडाळून कप्प्यात ठेवला. जुना खुंट जागेवर दाबला आणि पक्कड पुन्हा चावायला लावली.

शनिवारी रोंडा शेजारी बसली. तो कोठाराशी काहीही न दाखवता गर्रकन वळला. मागून लाइलने आनंदाने हॉर्न वाजवला. चौकात पाळी नसताना डेल्बर्टने बोट उचलून गाडी आधी काढली. समोरून टॅनरनेही बोट उचलले. रोंडाने पक्कड पाहिली आणि तिच्या जिवात जीव आला.

"बाबा, तुम्ही अगदी ठणठणीत आहात हो," ती म्हणाली. "लोक उगाच काहीबाही सांगतात."

चाव्या डेल्बर्टकडेच राहिल्या. दांडा कप्प्यात आहे, पुढच्या तपासणीला निघेल.

तुम्ही हसताय. हसा. परवा तुमच्या पुढच्या गाडीने वळण्याच्या कितीतरी आधी इंडिकेटर दिला होता आणि वेग कमी केला होता. 'कोणीतरी म्हातारा असणार,' असे म्हणून हॉर्न तुम्हीच वाजवलात ना?