बसल्याशिवाय वर्गणी नाही

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत वर्गणी मागायला आलेल्या माणसाला दत्तूनाना कधी नाही म्हणाले नाहीत, आणि पहिल्या खेपेला त्यांनी कधी दिलीही नाही. "उद्या या," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण एवढं बोलून दार लावतील तर ते नाना कसले! "आलात तसे बसा की. काय घाई हाय?" म्हणत ते पंखा लावायचे आणि मग आम्हा वर्गणी गोळा करणाऱ्यांची सुटका नसे.

नाना मूळचे निफाडकडचे. उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, त्यामुळे समोरच्याला आधी गाव विचारणार. एकदा माझ्याबरोबर आलेल्या बाईंनी भाबडेपणानं 'पेठ' म्हणून सांगितलं. नानांनी पेठच्या साऱ्या गाड्या, त्यांचे थांबे आणि घाटात कुठली कुठं बंद पडली होती, तेही ऐकवलं. त्या बाई पुन्हा आमच्याबरोबर आल्या नाहीत.

दिवाळीत आम्ही सुरगाण्याच्या पाड्यांवर फराळ आणि ब्लँकेटं घेऊन जायचो, त्याची ही वर्गणी. नाना उलटतपासणी घ्यायचे. "रव्याचे लाडू नेताय? त्या रस्त्यानं जीप पोचेस्तोवर नुसता रवा राहील. बेसनाचे न्या." मग ब्लँकेटांची पाळी. "हातात देऊन फोटो काढून पळता, का घटकाभर बसता त्यांच्यापाशी? दान उभ्याउभ्या देऊ नाय, ताई."

नानांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर आतून शंकरपाळ्यांची ताटली यायची. त्या गेल्यावर नाना स्वतः चहा करायला लागले. तो इतका गोड असे, की आमच्यातले मधुमेहवाले खाली पार्किंगमध्येच थांबायचे. अशा चार-पाच खेपा झाल्या, की नाना एकदाची वर्गणी काढायचे, तीही सगळ्यांपेक्षा जास्त. जिना उतरताना आम्ही त्यांच्या नावानं मनसोक्त खडे फोडायचो. आज वाटतं, आमची दिवाळी खरं तर त्या जिन्यातच सुरू व्हायची. यंदा मात्र तसं हसत जिना उतरायची वेळच येणार नव्हती.

कारण सोसायटीच्या कमिटीनं व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकला. एका संध्याकाळीत सगळ्यांची वर्गणी माझ्या खात्यात जमा झाली. कुणाच्या दारात जायला नको, की कुणाचं तोंड बघायला नको. राहिले फक्त नाना. त्यांचेही पैसे दोन दिवसांनी बेंगलोरहून आले, त्यांच्या मुलाकडून. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले नाना. ते आमच्याकडे असे कधी येत नसत.

"ताई, पोरानं माझी वर्गणी भरली म्हणं. फोन आला त्याचा, 'बाबा, तुमच्या डोक्याचा ताप मिटवला.'"

"बरं झालं की, नाना."

"ते पैसे त्याला परत धाडता येतील का?"

"का हो? रक्कम चुकली का?"

"रकमेचं काय नाय." नाना चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "पण भरलेली वर्गणी मागायला कोण येतं, ताई? तुमची काकू गेल्यापासून माझ्याकडं दुसरं येतंय तरी कोण?"

 इतकी वर्षं आम्ही त्यांच्या नावानं खडे फोडत होतो, आणि माणसं घरी यावीत म्हणून ते बिचारे वर्गणी लांबवत होते. मुलाचंही काही चुकलं नव्हतं. त्यानं बापाचा त्रास वाचवला होता.

मी नानांसमोरच फोन काढला आणि पैसे मुलाला परत पाठवले.

"नाना, सोसायटीत फक्त तुमचीच वर्गणी बाकी आहे," मी होईल तेवढ्या कडक आवाजात म्हटलं. "आम्ही संध्याकाळी मागायला येतोय."

नानांनी मान डोलावली आणि ते जिना चढायला लागले. दोन पायऱ्या चढून ते थांबले, वळले.

"किती जण याल? तसं दूध आणून ठेवतो."