पहिल्या हाकेचा ओ

॥ श्रीजाळेश्वरी समर्थ ॥ तिच्या गाठी तीच बांधी, तीच सोडी, लिहिणार निमित्तमात्र. तारास्थापना शके बावीस, सर्वधारीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध तृतीया, ते दिवसापासोनचे वर्तमान लिहिले आहे, ते सावधपणे श्रवण करावे.

राज्याचे नाव कशास पुसता? राज्य थोर होते आणि त्यात बहात्तर चौक्या होत्या आणि चौकीस चौकी तारेने जोडिली होती, ज्यास सांप्रतचे लोक नेटवर्क म्हणतात. रोज सूर्योदयी राजधानीतून कारकून एकेका चौकीस हाक मारी आणि चौकीदार 'ओ' देई, म्हणजे चौकी जिती ऐसे समजावे. रिवाज तीन हाकांचा. आडरानात एकदाच हाक मारते ते माणूस नव्हे, हे शेंबडे पोरही जाणते, म्हणोन चौकीदार पहिल्या दोन हाका सोडीत आणि तिसरीस ओ देत. कारकुनाचे नाव भानजी राऊळ. त्याचा वडील भाऊ सुभानजी गडदघाटाच्या चौकीवर पाच वर्षे होता आणि पाच वर्षांत तिसऱ्या हाकेआधी त्याने तोंड उघडिले नव्हते.

मग जाळेदाराची, म्हणजे साऱ्या तारांवरल्या मुख्याची, जागा मोकळी जाहली आणि सरकारांनी आज्ञा केली की दशमीस परीक्षा घेऊन जागा भरावी. विद्यापीठाचे नरहरपंत द्रविड भानजीस म्हणाले, "बाबा रे, घाई करू नकोस. दोन वर्षे आमचेकडे बैस, उच्च पदवी घे. तार का बोलते ते उमजेल." आणि दाखल्यांचे उस्ताद तिमाजी चौबळ म्हणाले, "दोन वर्षांत तिथे दुसरा बसेल! दशमीस दाखला घे, तीन वर्षे चालतो, मग नवा करावा. तार का बोलते याच्याशी तुला काय करायचे? बोलते ना?" भानजीस इकडे आड तिकडे विहीर जाहली. मग त्याने विचार केला की दादासच पुसावे, आणि तृतीयेच्या सकाळी "गडदघाट!" म्हणोन हाक मारिली, तो पहिल्याच हाकेस ओ आला. भानजी दचकला. "दादा, पदवी घेऊ की दाखला?" "ओ." "दादा, बरा आहेस ना?" "ओ." आवाज दादाचाच होता, परी बोलणे दादाचे नव्हते.

तिमाजी मात्र हर्षले. "चौकी सुधारली की! आता तीन हाका कशास?" म्हणोन त्यांनी सरकारांकडून नवा कायदा करविला की आजपासोन हाक एकच, ओ न आल्यास नाव खोडावे. भानजी म्हणाला, "उस्ताद, तो माझा दादा नव्हे. घाटात माणूस धाडा." तिमाजी म्हणाले, "पुस्तकात काय आहे? ओ आला तर चौकी जिती. परीक्षेत दुसरे बोलशील तर नापास." मग तो पंतांकडे गेला आणि पंत त्याहून हर्षले. "ओ देणारा कोण? वाहवा! प्रबंधास विषय मिळाला. दोन वर्षे सहज जातील." माणूस धाडण्याचे कोणी नावच काढीना. तेव्हा भानजीने मनाशी म्हटले, जागा गेली तर गेली, भाऊ काही बाजारात मिळत नाही, आणि तो एकटाच निघाला.

घाट तीन दिवसांच्या मजलेवर. षष्ठीच्या पहाटे पोहोचला तो दरड कोसळून खांब गेलेला आणि तारेचे टोक ओढ्यात लोळत होते. समोरच्या कातळावर घोंगडी पांघरून कोणी बसला होता. भानजीने तीन हाका मारिल्या आणि तिसरीस उत्तर आले, "ओ! ये बाबा, पण चौकीत पाऊल घालू नको." मग भाऊ भावास भेटला आणि दोघेही रडले. सुभानजी म्हणाला, "चार दिवस झाले तार तुटून. तरी हाक येते, एकदाच. मी गप्प बसतो. आत कोणीतरी ओ देतं." इतक्यात सूर्य उगवला आणि चौकीतली तारेची पेटी बोलली, "गडदघाट!" सुभानजीने दोन्ही हातांनी आपले तोंड दाबून धरिले. रिकाम्या चौकीतून त्याचाच आवाज आला, "ओ."

मग बंधू तेथून पळाले आणि दशमीस कचेरीच्या पायरीशी आले. आत उमेदवारांची नावे पुकारीत होते. "भानजी राऊळ!" भानजी तोंड उघडणार, तो सुभानजीने मनगट धरिले. "थांब. तिसरीला." भानजी थांबला. आणि आतून भानजीचा आवाज आला, "ओ."

मग टाळ्या वाजल्या आणि तिमाजी बोलले, "शाबास! दाखला घे आणि जाळेदारी घे." पंतही बोलले, "आमचेकडे यावयाचा होता." दोघे बंधू पायरीवर दुसऱ्या हाकेची वाट पाहात उभे राहिले.

एवं च, ते राज्य अद्याप सुखरूप नांदते आणि बहात्तर चौक्या पहिल्या हाकेस ओ देतात. जाळेदार भानजी राऊळ दर तीन वर्षांनी दाखला नवा करितात, कधी नापास जाहले नाहीत. पायरीवरल्या दोघांस पुढे कोणी हाक मारिली नाही.