सुलभाताईंचा वेटसूट

सुलभाताई माणसांना नावानं नाही, मापानं ओळखतात. रस्त्यात भेटल्या की आधी त्यांची नजर तुमच्या खांद्यांवरून कमरेपर्यंत उतरते, ओठ जरासे हलतात, आणि मग नमस्कार होतो. "मेधा बेटा, कंबर दोन इंच वाढली. टेन्शन कशाचं आहे?" असं त्यांनी मला टॉवर चौकात, भर संध्याकाळी, कचोरीच्या गाडीसमोर विचारलं होतं. टेन्शन खरोखरच होतं. बँकेत माझ्या बदलीची कुणकुण होती, आणि ती मी अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

फ्रीगंजमध्ये आमच्या इमारतीत त्या वर राहतात, मी खाली. बारा वर्षांचा शेजार आहे. मुलींच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवली. यजमान लवकर गेले. मुलगा निनाद, एकुलता एक, पाच-सहा वर्षांपासून आयर्लंडला. रिटायर झाल्यावर त्या थकतील, जरा शांत होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटं. आधी वर्गातल्या चाळीस मुलींच्या शिलाया उसवायच्या, आता अख्ख्या उज्जैनच्या उसवू लागल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "पहले नाप, बाद में बात." भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, लग्न जुळवायला आलेल्या लोकांशी, सगळ्यांशी हेच. एकदा त्यांच्याबरोबर मी भैरवगढला चादर घ्यायला गेले. छापेवाल्यानं हौसेनं चाळीसेक चादरी उलगडल्या. ताईंनी प्रत्येकीची उलटी बाजू बघितली, कड नखानं खरवडली, एक कोपरा चक्क जिभेला लावला, आणि शेवटी म्हणाल्या, "भैया, छपाई तर अव्वल आहे, पण ही चादर सहा इंच तिरपी फाडली तुम्ही." त्यानं मोजली. सहा इंच तिरपी होती. तेव्हापासून तो माणूस ताई दिसल्या की आधी टेप काढतो आणि मग चहा मागवतो.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी डबा भरत होते आणि ताई फोन हातात नाचवत खाली आल्या.

"मेधा बेटा, पाच-चार-तीन म्हणजे काय, सांग."

"वेळ आहे का कसली?"

"वेळ काय! जाडी आहे. छाती-पोटाला पाच मिलीमीटर, पायांना चार, हातांना तीन. एकाच कपड्यात तीन जाड्या! काय डोकं लावून राहिले आहेत ते लोक!"

मग कळलं. निनादनं त्यांना मे महिन्यात बोलावलं होतं. तो समुद्राकाठच्या गावात राहतो. सुट्टी मिळाली की फळी घेऊन लाटांवर जातो, नाहीतर तोंडाला नळी लावून पाण्यात पालथा पडून तळ बघत बसतो. तिथलं पाणी उन्हाळ्यातसुद्धा आपल्या माठातल्यापेक्षा गार. म्हणून अंगाला चिकटून बसणारा रबरी सूट घालायचा. वेटसूट. आणि तो सूट सुलभाताई स्वतःसाठी घेणार होत्या.

मी डब्याचं झाकण हातात धरून उभीच राहिले. कारण ज्या शहरात लोक देशभरातून क्षिप्रेत डुबकी मारायला येतात, त्या शहरात जन्म काढलेली ही बाई कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरलेली नव्हती. पर्वणीलाही त्या वरच्या पायरीवर उभ्या राहून कुणाकडून तरी लोटाभर पाणी मागवायच्या आणि डोक्यावर चार थेंब शिंपडायच्या. का, ते कुणी विचारत नसे. निनादला त्यांनी पोहायला शिकू दिलं नाही. शाळेची सहल धरणावर गेली तर त्या दिवशी हटकून त्याला ताप यायचा, आणि तो ताप ताईंनाच थर्मामीटरशिवाय दिसायचा. पोरगं पोहायला शिकलं ते परदेशात, सत्ताविसाव्या वर्षी, आईला न सांगता. कुणाच्या तरी फोटोत ताईंना तो दिसला, काळ्या सुटात, बगलेत फळी. त्यांनी त्याला फोन लावला, "काखेत झोळ आहे," एवढंच म्हणाल्या, आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आणि आता हे!

"निनाद म्हणतो, आई, इथे भाड्यानं मिळतो," त्या म्हणाल्या. "पण मी नेटवर वाचलं. लोक ना, त्या सुटात..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "थंडी वाजली की आतल्या आतच करतात. अच्छे घर के लोग! भाड्याचा मी मेले तरी घालणार नाही."

पुढचा महिनाभर आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. पहिलं कोडं त्यांना हे पडलं की हा सूट पाणी अडवत नाही. थोडं पाणी आत येतं, अंगाच्या उबेनं तापतं आणि तिथेच थांबतं. "म्हणजे ओलंही व्हायचं आणि गरमही राहायचं?" दोन दिवस त्यांना ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला माझी बेल वाजली. "समजलं! सगळा खेळ फिटिंगचा आहे. झोळ राहिला की गार पाणी आत-बाहेर करणार, आणि माणूस कुडकुडणार. बघ, मी त्याला काय सांगितलं होतं? काखेत झोळ!"

मग शिलाई. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी मला आकृती काढून दाखवली. स्वस्त सुटात सुई आरपार जाते, म्हणजे टाक्याटाक्याला भोक. चांगल्या सुटात तुकडे आधी चिकटवतात आणि सुई अर्ध्या जाडीतूनच परत फिरवतात. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा इतर बायकांचा नातवाचं पहिलं पाऊल सांगताना होतो. विकणाऱ्या दुकानात त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

"बेटा, सिलाई आरपार है कि आधी?"

"मैडम, पूरा वाटरप्रूफ है."

"वाटरप्रूफ तो तिरपाल भी होता है. मैं सिलाई पूछ रही हूँ."

मग त्या माणसानं साहेबांना बोलावलं, साहेबांनी कुठल्या तरी मोठ्या साहेबांना. तिसऱ्या माणसाला "आधी", म्हणजे अर्ध्या जाडीतूनच, हे उत्तर देता आलं. फोन ठेवता ठेवता ताईंनी त्याला विचारलं, "और ये तैरता है ना? मतलब, ऊपर रखता है आदमी को?" तो म्हणाला, हो, रबरात हवेचे बुडबुडे असतात, माणूस वर राहतो. ताईंनी हे त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

निनादचं म्हणणं, लाटांवर जायचं तर हात मोकळे हवेत, पातळ घे. ताईंचं म्हणणं, मी काय या वयात फळीवर उभी राहणार आहे? मी पालथी पडून बघणार, आणि पडून राहणाऱ्याला थंडी जास्त. म्हणून जाड. जिप पाठीवर, कारण छातीवरच्या जिपेत शिरायला खांदे विशीतले लागतात. त्या पाठीवरच्या जिपेला हातभर फीत असते, आपली आपण ओढायला. ती बघून ताई कळवळल्या. "तीस वर्षं मी ब्लाउज शिकवले गं. ही फीत मला सुचली नाही!"

पार्सल आलं त्या दिवशी मी रजेवर होते, हे माझं नशीब. सूट लहान मुलाच्या मापाचा दिसत होता. ताई जेमतेम पाच फूट, पण आडव्या भरभक्कम. आम्ही बेडरूमचं दार लावलं. नखं लावायची नाहीत, रबर फाटतं. पायात आधी प्लास्टिकची पिशवी घालायची, मग पाय सरकतो. ताईंच्या एका पायात साडीच्या दुकानाची पिशवी, दुसऱ्यात मिठाईच्या. अर्ध्या तासात आम्ही गुडघ्यापर्यंत पोचलो. पाऊण तासात कमरेपर्यंत. त्यानंतर ताई पलंगावर आडव्या पडल्या आणि म्हणाल्या, "ओढ. उशीचा अभ्रा चढवतात तसं कर. माझा विचार करू नको."

मी ओढलं. त्या उड्या मारत होत्या. मला वाटलं, खाली माझ्याच घराचं छत पडेल. शेवटी जिप लागली, ताईंनी हात वर केले, उकिडवं बसून दाखवलं, कमरेला चुणी पडते का बघायला सांगितलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला. सिलिंडर परत गेलं तर चार दिवस चूल थंड, म्हणून ताई तशाच धावल्या, मानेपासून घोट्यापर्यंत काळ्याकुळकुळीत, पायात पिशव्या. गॅसवाल्यानं सिलिंडर हळूच खाली ठेवलं, दोन पावलं मागे सरकला आणि विचारलं, "माताजी, घाट पे ड्यूटी लग गई क्या?"

"हाँ," ताई म्हणाल्या. "पहले वज़न दिखाओ."

आता फक्त परीक्षा राहिली होती. तीही त्यांनीच काढली. एका रविवारी दुपारी बर्फाची लादी आली, गच्चीवर धुण्याचा मोठा टब आला, आणि त्यात ताई आल्या. थर्मामीटर बारा अंशांवर, म्हणजे निनादच्या समुद्राइतका, आल्यावर मी मोबाईलमध्ये वेळ लावली. वीस मिनिटं बसायचं होतं. पोटाला लागत नाही, पायांना ठीक, घोट्याकडून एक धार आत गेली पण आता तापली, अशी त्या मला बातमी देत होत्या. मी लिहून घेत होते. आणि मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. त्यांनी टबाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पाणी छातीपर्यंतसुद्धा नव्हतं.

"ताई, बाहेर या. हट्ट कशाला? काठावर बसून बघा ना त्याला."

"काठावरून खूप बघितलं." त्या बर्फाकडे बघत होत्या. "मेधा बेटा, तो मला रोज फोन करतो. काय जेवला सांगतो, हवा सांगतो, ऑफिस सांगतो. समुद्राचं एक अक्षर सांगत नाही. आई घाबरेल म्हणून. आणि त्याचा सगळा जीव तिथेच आहे, हे मला न सांगता कळतं. म्हणजे अर्धा मुलगाच मला मिळून राहिलाय. तो अर्धाच का मिळतो, याला कारण मीच. मीच त्याला पाण्याचं नाव काढू दिलं नाही." मग एकदम, "किती झाली?"

"अकरा मिनिटं."

"बस मग. अजून नऊ आहेत."

मेमध्ये त्या गेल्या. सूट सामानाच्या बॅगेत दिला नाही, हातातल्या बॅगेत घेतला. विमानतळावर तो काढून दाखवावा लागला, आणि तिथल्या बाईला ताईंनी शिलाई समजावून सांगितली, असं निनादनं नंतर मला कळवलं. एक फोटोही पाठवला. डोक्याला काळी टोपी, हातात काळे मोजे, मागे करडा समुद्र, आणि ताई रागावलेल्या पेंग्विनसारख्या. तो फोटो आमच्या गल्लीत गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी पाहिला.

जुलैमध्ये त्या परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसल्या. मी चहा टाकला.

"तीन दिवस मी गुडघ्याच्या पुढे गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "तो नुसता शेजारी उभा राहायचा. चौथ्या दिवशी म्हटलं, चल. हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं."

"मग?"

"मग काय, आपलाच श्वास ऐकू येतो नळीतून. घों घों. खाली हे लांबलांब शेवाळ, हाताएवढ्या पट्ट्यांचं, सगळं एका दमात डुलतंय. एक खेकडा होता, तिरका पळाला. मी निनादकडे वळून पाहिलं. तो खेकड्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता आणि हसत होता. डोळ्यांवरच्या मास्कच्या आत पाणी शिरेल इतकं हसत होता."

मी चहात आलं टाकलं.

"बाहेर आलो. गाडीत तसेच ओले बसलो, थर्मासचा चहा घेत. आणि त्यानं विचारलं, आई, मामा कसा होता?"

"कोण मामा?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"माझा भाऊ. अरुण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो तेरा वर्षांचा होता. नदीला पूर आला होता, तो पैज लावून उतरला. मी त्याचे कपडे घेऊन काठावर उभी होते. संध्याकाळपर्यंत उभी होते." त्यांनी हे अगदी सरळ आवाजात सांगितलं. "घरात परत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. आईनं फोटो उतरवला. मीही घेतलं नाही. निनादला एवढंच ठाऊक, की एक मामा होता आणि तो बुडाला."

चहा उकळत होता.

"मी त्या पोराला त्या दिवशी सगळं सांगितलं. दोन तास. आणि मेधा, एक गंमत झाली. मला वाटलं मी बुडण्याचं सांगेन. ते शेवटी आलं, थोडंसं. त्याच्या आधी इतकं निघालं! तो हेडमास्तरांची नक्कल करायचा, हुबेहूब. माझ्या वेणीला पतंगाची दोरी बांधायचा. आणि शिट्टी! दोन बोटं तोंडात घालून अशी मारायचा की आमच्या गल्लीतून नदीपलीकडे ऐकू जावी. मला शिकवत होता. मला जमत नव्हती."

त्यांनी दोन बोटं जिभेखाली घातली आणि जोर लावला. शिट्टी आली नाही, नुसती हवा आली आणि थोडी थुंकी. पुन्हा लावला. पुन्हा हवा. आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता त्यांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, आणि बोटं पुसून परत तोंडात घातली.

मी गॅस बारीक केला आणि चहा आणखी थोडा उकळू दिला.