आधी ब्रेक, मग अर्ज

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण ज्याने काढली त्याने लिफ्टची चिप पाहिलेली नव्हती. नखाएवढ्या त्या चिपमध्ये एक मोठा कोअर, म्हणजे चिपचा मेंदू, आणि एक छोटा कोअर शेजारी शेजारी नांदतात, आणि दोघांचा कारभार, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळा असतो. मोठ्याच्या सिस्टिमला चित्रं दाखवता येतात, गाणी वाजवता येतात आणि जागं व्हायला चाळीस सेकंद लागतात. छोट्याच्या सिस्टिमला एकच काम येतं, पण ते वेळेवर येतं. दोघांचं बोलणं व्हावं म्हणून मेमरीचा एक कोपरा सामाईक ठेवलेला असतो. एकाने तिथे चिठ्ठी ठेवायची, दुसऱ्याने सवडीने उचलायची. (सवड हा मोठ्या कोअरचा प्रांत आहे.)

लिफ्टच्या एका कारखान्यात मोठ्या कोअरचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. त्यात एकतीस माणसं, तीन बैठकीच्या खोल्या आणि कॉफीचं यंत्र. छोट्या कोअरचा विभाग म्हणजे ब्रेकवाल्या बाई. त्यांचं टेबल तळमजल्यावर, मोठ्या प्रिंटरच्या मागे. बाईंनी कधी तक्रार केली नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा नवी खुर्ची मागितली होती, ती मंजूर झालेली आहे. (आलेली नाही.)

सगळं सुरळीत चाललं असताना दुसऱ्या मजल्याच्या प्रमुखांना, म्हणजे स्क्रीनसाहेबांना, एका बैठकीत धक्कादायक माहिती मिळाली. छोटा कोअर कोणालाही न विचारता ब्रेक लावतो.

"म्हणजे आम्ही वर 'शुभ प्रवास' दाखवतोय, आणि हा खाली परस्पर लिफ्ट थांबवतो? ग्राहकाला काय वाटेल?"

"साहेब, दोर सुटला तर ग्राहकाला तसंही काहीतरी वाटेलच," बाई म्हणाल्या.

बैठकीच्या इतिवृत्तात 'बाईंनी ग्राहकाच्या भावनांचा मुद्दा मान्य केला' अशी नोंद झाली.

आठवड्यात परिपत्रक निघालं. ब्रेक लावण्यासाठी छोट्या कोअरने रीतसर चिठ्ठी ठेवावी आणि मोठ्या कोअरच्या मान्यतेनंतरच ब्रेक लावावा. मान्यतेला सरासरी चार सेकंद लागतील असा अंदाज होता. चार सेकंदांत सुटलेली लिफ्ट सुमारे सव्वीस मजले खाली जाते. ही चिप असलेली पहिली लिफ्ट बसली होती ती इमारत सातच मजल्यांची असल्यामुळे एकोणीस मजल्यांची बचतच होणार होती.

त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बाईंचे वडील राहत होते. वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले. परिपत्रक बाईंनी दोनदा वाचलं. संध्याकाळी त्या थेट वडिलांकडे गेल्या.

"बाबा, थोडे दिवस जिन्याने जाल का?"

"गुडघे माझे आहेत की तुझ्या कंपनीचे?" बाबा म्हणाले. "मी लिफ्टनेच जाणार. अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय, ब्रेक माझ्या लेकीचा आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी बाईंनी छोट्या कोअरच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. आधी ब्रेक, मग अर्ज. अर्जाचा मजकूर परिपत्रकात होता तोच, शब्दही इकडचा तिकडे नाही : 'ब्रेक लावण्याची परवानगी मिळावी.' दुसऱ्या मजल्यावर या बदलाची अकरा सेकंद कसून तपासणी झाली. (पैकी नऊ सेकंद फाइल उघडायला.) चिठ्ठी आहे का? आहे. मग पुढे काय बघायचं?

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला बाबा लिफ्टमध्ये शिरले. त्या वेळी मोठा कोअर स्क्रीनवर नवं चित्र चढवण्यात गुंतला होता. पाचव्या मजल्याच्या खाली दोर सुटला. आठ सहस्रांश सेकंदात ब्रेक लागला आणि मग अर्ज गेला. स्क्रीनवर 'शुभ प्रवास' होतं. चाळीस मिनिटांनी बाबांना बाहेर काढेपर्यंत 'शुभ प्रवास'च होतं.

"अगं, तुझा ब्रेक लागला बरं का," बाबांचा फोन आला. "जरा जोरातच लागला, पण लागला."

बाई प्रिंटरमागे बसून पोटभर रडल्या.

चौकशी समितीने निष्पक्षपणे काम केलं. आणीबाणीच्या प्रसंगी मोठा कोअर जराही विचलित झाला नाही, त्याने प्रवाशाला शेवटपर्यंत शुभेच्छा दिल्या, याबद्दल दुसऱ्या मजल्याचं अभिनंदन झालं. छोट्या कोअरने विनापरवाना ब्रेक लावल्याबद्दल बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. नवव्या दिवशी ब्रेकच्या अर्जाला मान्यता मिळाली, 'गरजेपुरताच वापर करावा' या अटीवर. आणि पुढच्या मॉडेलमधून छोटा कोअरच काढून टाकायचं ठरलं. ब्रेकही मोठ्यानेच सांभाळायचा, म्हणजे पत्रव्यवहाराची कटकट मिटली.

नवी चिप बाबांच्या इमारतीतल्या लिफ्टला बसली त्या दिवशी बाबा आपण होऊन जिन्याने उतरले. दर मजल्यावर बसत बसत. कोणी विचारलं तर म्हणत, "ब्रेक आता लेकीचा राहिला नाही."

असो. हे सगळं तुम्ही आरामात बसून वाचलंत, मध्ये एकदोनदा हसलातही. तेवढ्या वेळात आत दूध वर आलं होतं. तुम्हाला न विचारता कोणीतरी उठून गॅस बंद केला. त्यांचा खुलासा कधी मागवताय?